कोरी नळी

१

रविवारी मोरी पुन्हा तुंबली. वर्षातली ही तिसरी खेप. नळवाला आला, गुडघ्यांवर बसला, जाळीतून तार आत सारली आणि बराच वेळ नुसता हं-हं करत राहिला. ठमी स्वयंपाकघरात चहा करत होती. ठमी म्हणजे कुणी परकरातली पोर नव्हे बरं का! वय चव्वेचाळीस, समुद्रातल्या जीवांच्या जनुकांवर पीएचडी, ऑफिसात झाडून सगळे मॅडम म्हणणारे. पण घरी बाबा होते, आणि बाबांच्या लेखी ती ठमीच होती.

"बाई, रागावू नका," नळवाला हात पुसत दारात येऊन म्हणाला, "पण नखं कापून मोरीत का टाकता?"

"कसली नखं?"

"अहो, ओंजळभर निघाली! पांढरी, पातळ. पाण्याला वाटच राहिली नव्हती."

ती बघायला गेली तोवर त्याने दोन बादल्या ओतून सगळं खाली घालवलं होतं. नळ सोडला की पाणी भोवरा करून झरझर उतरत होतं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीपाशी पाय कोमट पाण्याच्या टबात सोडून पेपर वाचत बसले होते.

"माझीच असतील," ते पेपरातूनच म्हणाले.

"ओंजळभर, बाबा?"

"म्हातारपणी वाढतात गं."

ठमीला हसू आलं. नळवाला गेल्यावर तिने दाराच्या चौकटीला पाठ टेकवली आणि दोनदा वर-खाली घासली. लहानपणापासूनची खोड ती. खांद्यांच्या मध्ये, जिथे आपला हात पोचत नाही नेमकं तिथेच, तिला खाज सुटायची. बाबांनी पेपर खाली करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केला.

२

ठमीचं सध्याचं काम एका शिंपल्याच्या मागावर होतं. नखाएवढा शिंपला, नखासारखाच पातळ आणि पांढरट. बंदरावरच्या लोकांनी त्याचं नाव 'नख्या' ठेवून दिलं होतं. या किनाऱ्यावर तो पूर्वी नव्हता. चाळीसेक वर्षांत कुठूनसा आला आणि असा माजला की बोटींचे तळ, धक्क्याचे खांब, वीजघराचे पाण्याचे नळ, काही म्हणून सोडलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईला त्या रविवारीच कळायला हवं होतं. पण घरच्या मोरीतल्या नखांचा आणि समुद्राचा संबंध कोण जोडतो हो? ज्याचं दिवसभर तोंड बघायचं तो घरीही भेटेल, असं कुणाच्या मनात येत नाही.

नख्या आला कुठून, हे शोधायची रीत तशी सोपी आहे. माणूस मूळ घर सोडून निघतो तेव्हा सगळं घर पाठीवर घेत नाही, एक-दोन पिशव्या घेतो. शिंपल्याचंही तसंच. जिथून तो निघाला तिथे त्याचे नाना प्रकार सापडतात आणि जिथे जिथे जाऊन वसला तिथे त्यातले मोजकेच. म्हणून ठिकठिकाणचे नमुने घ्यायचे, जनुकं वाचायची आणि जिथे सगळ्यात जास्त प्रकार भरतील तो उगम.

"उगम सापडला की काय करतात?" एकदा जेवताना बाबांनी विचारलं होतं.

"तोंड बंद करून औषध ओततात. एक जीव शिल्लक ठेवत नाहीत. नाहीतर पुन्हा येणारच ना?"

बाबा तेव्हा घास हातात धरून बसले होते. आयुष्यभर ते बंदराचे पाणबुडे. जहाजांच्या तळाला चिकटलेलं पाण्याखाली जाऊन खरवडायचं, हेच त्यांचं काम. ठमीला वाटलं, जुनं काही आठवलं असेल.

त्यांना आठवण्यासारखं होतंही. ठमीच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांचं बोट खाडीवर होतं. नख्या सापडला त्या पाच ठिकाणांपैकी खाडीतच तो सगळ्यात दाट, तेव्हा उगम तोच असणार आणि पुढच्या सोमवारी ठमीच्या रिपोर्टवर तसा शिक्का बसणार. त्या खाडीत बाबांच्या बहिणीचे, म्हणजे आत्याचे, कालवांचे तराफे होते. चाळीस वर्षं तिने तिथे कालवं वाढवली होती. औषध ओतलं की ती सगळी मरणार. आई गेल्यावर याच आत्याने ठमीला तीन वर्षं सांभाळलं होतं, म्हणून रिपोर्टची फाईल तिने अजून उघडलीसुद्धा नव्हती.

३

सोमवारी ती नमुने घ्यायला खाडीवर गेली. आत्या तराफ्याच्या फळीवर उकिडवी बसून दोर ओढत होती. सत्तरी उलटली तरी हातात जोर तसाच.

"आलीस का माझ्या मुळावर?" आत्या म्हणाली आणि स्वतःच हसली. "ये, बस. पाण्यात मात्र पाय सोडू नकोस बाई. तुझा बाप मला फाडून खाईल."

ठमीही हसली. हे खरंच होतं. पाणबुड्याची मुलगी, पण पोहणं तर सोडाच, समुद्रात तिने कधी पाऊल घातलं नव्हतं. बाबांची सक्त मनाई. हातमोजे घालून, फळीवर उभी राहून, लांब चिमट्याने नमुने घ्यायची तिची तऱ्हा ऑफिसात चेष्टेचा विषय होती.

तिने बारा नळ्यांत बारा नमुने घेतले. तेरावी नळी कोरी. ही या कामाची शिस्तच आहे. नुसतं शुद्ध पाणी भरलेली एक नळी घ्यायची, बाकीच्या भरेपर्यंत उघडी हातात धरायची, मग बूच लावायचं. तीत काहीच सापडता कामा नये. सापडलं तर आपल्या हाताळणीत घाण शिरली असं समजायचं आणि तेराच्या तेरा नळ्या फेकून द्यायच्या. कोरी नळी ठमी स्वतः धरायची, दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता.

"दाट कुठे आहे सगळ्यात?" तिने विचारलं.

आत्याने हनुवटीने दाखवलं. काठावर खांबांवर उभी असलेली जुनी लाकडी खोली. "तू राहायचीस ना, तिच्याखाली. खांब दिसत नाहीत बघ आता. आधी तिथेच धरलं, मग पसरलं."

"कधीपासून?"

"तू होतीस तेव्हापासूनच म्हण की. तुझा बाप दर रविवारी यायचा, तुला न्हाऊ घालायला. मी म्हटलं, अरे, मी घालते ना पोरीला! तर नाही. तुझी पाठ कुणाला घासू देईल तर शपथ! आणि घमेलं न्यायचा, थेट खाडीत ओतायचा."

ठमीने खोलीखाली पाहिलं. ओहोटी लागली होती आणि खांबांवरचे नख्ये उघडे पडत होते. एकेक मिटताना बारीक टिक्-टिक् आवाज येत होता. तिची पाठ खाजली, पण फळीवर टेकायला काही नव्हतं, म्हणून ती तशीच उभी राहिली.

४

"मॅडम, कोरी बोलली," मशीनवाला म्हणाला.

मशीनवाला म्हणजे जनुकं वाचणारं यंत्र चालवणारा. गोल, घामट, सदा चेष्टेच्या मूडमध्ये असलेला माणूस. कोऱ्या नळीत काही निघालं की तो 'कोरी बोलली' म्हणायचा.

"पुन्हा?"

"पुन्हा. तुमच्या हाताला काय लागलंय कळत नाही. बाकीच्यांच्या कोऱ्या मुक्या, तुमची आपली बडबडी."

नियम म्हणजे नियम. तिने सगळ्या नळ्या फेकल्या. बुधवारी नवी बाटली, नवे मोजे, नवे अंगरखे घेऊन पुन्हा आत्याकडे गेली, पुन्हा नमुने आणले. कोरी पुन्हा बोलली. गुरुवारी तर ती कुठे गेलीच नाही. पाण्यापासून लांब, तिसऱ्या मजल्यावर, बंद खोलीत तिने शुद्ध पाण्याची एक नळी उघडली, दहा मिनिटं हातात धरली आणि बूच लावलं. खोलीत शीतकपाटाची घरघर तेवढी होती. मध्येच ती थांबली तेव्हा ठमीला वाटलं, टिक् असा आवाज आला. तिने मागे वळून पाहिलं. मागे पांढरी भिंत होती.

ती नळीसुद्धा बोलली.

इतकी वर्षं काम करताना तिच्या मनात एक गोष्ट कधी आली नव्हती, आणि ती येणारही कशी? कोरी बोलली की फेकायची. ती काय बोलते ते कुणी ऐकत नाही. कचऱ्याची जनुकं वाचायला वेळ कुणाला आहे!

"ही वाच," ती मशीनवाल्याला म्हणाली.

"कोरी? साहेब मला वेड्यात काढतील."

"साहेबांना मी बघते. तू वाच."

५

शुक्रवारी दुपारी कागद हातात आला. पाच ठिकाणांची माहिती बाकीच्यांनी आणलेल्या जुन्या नमुन्यांतून आधीच तयार होती. कोळशाच्या बंदरात नख्याचे सहा प्रकार, दीपगृहाच्या बंदरात पाच, तेलाच्या बंदरात सात, खाडीत नऊ, इथल्या नव्या बंदरात चार. आणि तिसऱ्या मजल्यावर बंद खोलीत हातात धरलेल्या कोऱ्या नळीत एक्केचाळीस. पाचही ठिकाणचे सगळेच्या सगळे त्यात होते, वर कुठेच न सापडलेले दहा-बारा.

"काहीतरी सांडलं असणार," मशीनवाला म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

"सांडलेलं सांडल्यासारखं दिसतं. जे आपल्याकडे कधी आलंच नाही ते सांडेल कुठून?"

"मग उगम काय कोरी नळी म्हणायचा?"

ठमीने कागदाच्या खालचा तक्ता पाहिला. कोणत्या ठिकाणी नख्या आधी पोचला आणि कुठे नंतर, याचा अंदाज यंत्राने लावून दिला होता.

"वाच जरा मोठ्याने," ती म्हणाली. "माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा तिच्या खिशात होता. कुणा दुसऱ्याच्या तोंडून तिला ते ऐकायचं होतं.

"आधी कोळशाचं बंदर. मग दीपगृहाचं. मग तेलाचं, मग खाडी, आणि शेवटी आपलं नवं."

कोळशाच्या बंदराच्या क्वार्टरमध्ये ती जन्मली. दीपगृहाच्या बंदरात पहिलीत गेली. तेलाच्या बंदरात आई गेली. मग तीन वर्षं खाडी, मग बाबांची शेवटची बदली, इथे. शाळेचे दाखले ओळीने मांडावेत तसा तो तक्ता होता. खुर्चीची पाठ लाकडी होती. ठमी तिला टेकायला गेली आणि एकदम सरळ झाली.

६

बुद्धी मोठी इमानी असते, शेवटपर्यंत वाट काढत राहते. बाबा! तिला एकदम हायसं वाटलं आणि लगेच हायसं वाटल्याची लाज वाटली. बदल्या बाबांच्या होत्या. जहाजांचे तळ खरवडत होते ते बाबा. त्यांच्या अंगावर, कपड्यांवर, हत्यारांवर चिकटून काहीबाही सगळीकडे गेलं असेल, घरात आलं असेल, घरातून तिच्या हातांवर. नखंसुद्धा त्यांचीच. ते स्वतःच तसं म्हणाले होते.

त्या संध्याकाळी तिने त्यांच्या पाय शेकायच्या टबातलं पाणी भरून घेतलं. गालाच्या आतून बोळा फिरवला. पेटीतली जुनी पितळी पट्टी, जिने ते तळ खरवडायचे, तीही पुसून घेतली. बाबांनी मुकाट्याने आ केला, मुकाट्याने पेटी उघडून दिली.

"माझ्यात निघालं तर खाडी वाचेल?" त्यांनी विचारलं.

"वाचेल, बाबा."

"मग निघू दे," ते म्हणाले, आणि ते इतकं मनापासून म्हणाले की ठमीला रडू आलं.

शिस्त म्हणून तिने स्वतःच्याही गालातून बोळा फिरवला. निघता निघता मोरीत गेली. खुंटीला तिचा लांब दांड्याचा ब्रश होता. बाबांनी पाठ घासणं ती तेरा वर्षांची झाल्यावर थांबवलं आणि हा ब्रश आणून दिला. दर रविवारी, न चुकता, रक्त येईल इतकं घासायचं, हे त्यांनी तेव्हा बजावलं होतं. कातडी कोरडी आहे तुझी, म्हणाले होते. तिने ब्रशाचे चार केस कापून नळीत टाकले.

शनिवारी ऑफिसात ती आणि मशीनवाला, दोघंच. बाबांचं पाणी मुकं. बाबांचा गाल मुका. पट्टीवर काही निघालं, पण इतकं जुनं आणि तुटकं की वाचता येईना. तिचा गाल मुका.

"आणि हे चार केस कशाचे?" मशीनवाल्याने विचारलं. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याने आपली खुर्ची तिच्यापासून वीतभर लांब सरकवली होती, बहुतेक त्याच्याही नकळत.

"का? बोलले?"

"मॅडम, हे थांबतच नाहीयेत."

७

रविवारी सकाळी तिने रिपोर्ट लिहिला. खाडी हा उगम नाही, औषध ओतू नये, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. पुरावा म्हणून कोऱ्या नळ्यांचे आकडे जोडले. उगमाच्या रकान्यात लिहिलं : कोरी नळी ज्या व्यक्तीने धरली ती. खाली नमुना घेणाऱ्याचं नाव म्हणून आपलं नाव घातलं. पाठवायचं बटण दाबलं नाही.

मग ती घमेलं घेऊन बाबांसमोर, त्यांच्याकडे पाठ करून, स्टुलावर बसली. टॉवेल पुढून घट्ट धरला.

"बाबा, बघा जरा."

मग पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "मला वाटलं, ब्रशाने निभेल."

"काय आहे तिथे?"

"कशाला गं विचारतेस? इतकी वर्षं मी कधी सांगितलं का?"

"खूप आहे?"

थंड पट्टी तिच्या खांद्यांच्या मध्ये टेकली आणि खाली उतरू लागली. दुखत नव्हतं. उलट बरं वाटत होतं, लहानपणी वाटायचं तसं, इतकं बरं की डोळे मिटावेत. घमेल्यात पहिला आवाज झाला. टिक्. मग दुसरा. मग मोजता येऊ नयेत इतके.

समोर भिंतीवर छोटा आरसा होता. स्टुलावर जरा तिरकी झाली असती तर त्यात पाठ दिसली असती. तिने आरशाकडे पाहिलं, पण त्यात फक्त बाबांचा चेहरा पाहिला. त्यात किळस नव्हती, भीतीही नव्हती. आपलं ठरलेलं काम करणाऱ्या कामगाराचा चेहरा होता.

"मला समुद्रात कधी जाऊ दिलं नाहीत," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी बुडेन म्हणून तुम्ही घाबरता."

"नाही गं," बाबा म्हणाले. "तुझ्यासाठी नव्हतं ते, समुद्रासाठी होतं. खरवडलेलं मरतं, असंच धरून चाललो मी."

पट्टी चालत राहिली. आईलाही असं होतं का, हे ठमीने विचारलं नाही. आई मात्र पोहायला जायची, एवढं तिला आठवत होतं.

८

बाबा उठले. गुडघे कुरकुरले. सवयीने त्यांनी घमेलं उचललं आणि मोरीकडे निघाले.

"बाबा, थांबा. तिथे नको."

"मग?"

तिने घमेलं त्यांच्या हातातून घेतलं, आत न बघता. जड होतं. स्वयंपाकघरात नेऊन सगळं मोठ्या पातेल्यात ओतलं, वर झाकण ठेवलं, गॅस मोठा केला. बाबा दारात उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते घाबरलेले दिसले.

"ठमे, रिपोर्ट गेला का?"

तिने टेबलावरचा फोन ओढला आणि बटण दाबलं. कागद उडाल्यासारखा बारीक आवाज झाला.

"गेला. आत्याची खाडी सुटली, बाबा."

त्यांनी मान हलवली. डोळे भरून आले होते आणि ते पुसत नव्हते. उगम सापडला की काय करतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. सोमवार उद्यावर होता. खिडकीतून ऊन आलं होतं, खाली कुणीतरी मोटार धूत होतं, रेडिओ चालू होता.

पातेल्यातलं पाणी आधी सणसणलं. मग झाकण थडथडू लागलं. ठमीने कपाटाला पाठ टेकून नेहमीसारखी दोनदा वर-खाली घासली. बाबांनी चांगलं साफ केलं होतं. कुठे खरखर लागत नव्हती. तिला वाटलं, उद्या कुणी बघायला आलं तर दाखवायला काही उरलेलंच नाही. क्षणभर तिला हसूही आलं.

मग पाण्याला खळखळून उकळी फुटली, आणि तिच्या पाठीत, कातडीच्याही खूप आत, जिथे कुठलीच पट्टी पोचली नसती तिथे, काहीतरी एकदम, सगळंच्या सगळं, घट्ट मिटलं.